हमीदाआपांचे दोन सेकंद

बीडमध्ये राजुरी वेशीच्या आत, चपलांच्या दोन दुकानांमध्ये चेंगरून उभा असलेला एक छापखाना आहे. दारातून आत पाहिलं की आधी माणूस दिसत नाही, पाठ दिसते. ताठ पाठ, तिच्यावर नीट पिन लावलेली ओढणी आणि पलीकडे संगणकाचा उजेड. नाटकात एखादं पात्र प्रेक्षकांकडे पाठ करून बसतं आणि तरी सगळं थिएटर त्याच पात्राकडे बघत राहतं, तशी ती पाठ. गिऱ्हाईक त्या पाठीशीच बोलायला लागतं. पाठ वळत नाही, उत्तर मात्र येतं.

"बोला. लगीन, बारसं का वास्तुशांत?"

या हमीदाआपा. वय अठ्ठावन्न, राहणार मोमीनपुरा. बीड शहर धरून पाली, वडवणी, पार मांजरसुंब्यापर्यंतच्या दोन पिढ्यांची लग्नं त्यांच्या बोटांखालून गेलेली. वडील सायकली दुरुस्त करायचे. दुकानासमोरची शाळा मराठी होती म्हणून मुलगी मराठी शाळेत गेली, आणि मराठी अक्षरांवर तिचा असा काही जीव जडला की विसाव्या वर्षी ती हबीबचाचांच्या छापखान्यात काम मागायला उभी राहिली.

तेव्हा अक्षरं शिशाची होती. खिळे म्हणत त्यांना. लाकडी खणांतून एकेक खिळा चिमटीनं उचलायचा आणि उलटा लावत जायचा, म्हणजे कागदावर सुलटा उमटायचा. हबीबचाचांनी पहिल्या दिवशी पोरीला चार ओळी जुळवायला दिल्या आणि ते चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तर चारही ओळी जुळवून, दोऱ्यानं बांधून तयार.

"कुणी जुळवलं बे हे?" चाचांनी मशीनवाल्याला विचारलं.

"त्या पोरीनं."

"आन् तू काय करत होतास?"

"बघत होतो."

चाचा परत बाहेर गेले. सांगितलेल्या दोन चहांचे त्यांनी तीन केले. त्या दिवसापासून हमीदा छापखान्याची झाली.

तिच्या हाताची खरी परीक्षा घेतली ती फिरत्या नाटक कंपन्यांनी. कंपनीचा मॅनेजर भर दुपारी धापा टाकत यायचा. नटी आजारी पडली, पत्रकावरचं नाव बदला, म्हणायचा. संध्याकाळी पहिली घंटा व्हायच्या आत नव्या नावाची पत्रकं मैदानावर हजर असायची. जिचं नाव बदललं ती रुसायची, जिचं लागलं ती फुगायची, पण ज्या बोटांनी ते घडवलं त्यांना कुणी पाहिलेलंच नसायचं. हमीदाला त्याचं काही वाटायचं नाही. ती बोटं दुसरी पत्रिका जुळवत असायची.

पुढे शिसं गेलं, संगणक आला. बाकीचे कंपोझिटर हळहळले, हमीदाआपांनी तीन आठवड्यांत कळफलक पाठ केला. वेग तोच, उलट वाढला. एकच खोड लागली, आणि ती लावली विजेनं. भारनियमनाच्या दिवसांत एका संस्थेची बत्तीस पानांची स्मरणिका त्यांनी टाइप करत आणली, शेवटच्या पानावर वीज गेली आणि बत्तीस पानं गेली ती गेलीच. त्या दिवसापासून आपांच्या डाव्या हाताला एक सवय जडली. कुठल्याही नावाला हात लावायच्या आधी सेव्ह, हात लावल्यावर सेव्ह. मधे श्वाससुद्धा नाही.

हबीबचाचा चार वर्षांपूर्वी गेले. आता गादीवर त्यांचा मुलगा फैजान आहे. पोरगा गुणी. आपांना खाला म्हणतो, ईदला पहिला त्यांच्या घरी येतो. त्यानं नवं छपाईचं मशीन घेतलं. दुकानात जागा नव्हती म्हणून ते मागच्या बोळातल्या खोलीत बसवलं, त्यावर अभिमन्यू नावाचा चाळिशीचा कारागीर. आपा इकडे मजकूर तयार करायच्या, कागदावर प्रूफ काढायच्या, गिऱ्हाइकाची सही घ्यायच्या आणि पेनड्राइव्ह मुठीत धरून बोळातून अभिमन्यूकडे जायच्या. या उन्हाळ्यात फैजाननं त्यांची ही येरझार बंद केली. एक काळा डबा आणला, त्यात घरात पडलेली जुनी डिस्क बसवली आणि तारेनं दोन्हीकडचे संगणक त्याला जोडले.

"खाला, आता उठायचं काम न्हाई. तुमी इथं डब्यात सेव्ह केलं, की तिकडं अभिमन्यूच्या संगणकात फाइल आपोआप जाती. तिथून तो सरळ मशीनवर छापतो."

"आन् प्रूफ?"

"पडद्यावर दाखवा. कागद कावून वाया घालायचा?"

आपांच्या गुडघ्यांना ते पटलं. त्यांना स्वतःला अर्धंच पटलं होतं, पण पोराचा उत्साह बघून त्यांनी मान डोलावली.

जूनच्या आधी पालीचे विश्वेश्वर शेटे आले. धरणाच्या रस्त्याला त्यांचं किराणा दुकान आहे. मुलीचं, शिवानीचं लग्न ठरलं होतं. खिशातून त्यांनी चुरगळलेली चिठ्ठी काढली, स्टूल ओढलं आणि आपांच्या शेजारी बसून मजकूर सांगायला लागले. आपांची बोटं त्यांच्या जिभेच्या पुढे.

शेट्यांचं घर लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की पत्रिकेत त्याच्या नावाआधी 'कै.' लावत नाहीत, 'लिं.' लावतात. लिंगैक्य झाला, शिवात मिळाला. विश्वेश्वरांना दोन मोठे भाऊ. थोरले महालिंगअप्पा सहा वर्षांपूर्वी गेले. मधले गुरुपादअप्पा ठणठणीत, रोज दुकानाच्या गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणारे. पण चिठ्ठी घाईत लिहिलेली, आणि 'लिं.' बसलं होतं गुरुपादांच्या डोक्यावर.

आपांनी चिठ्ठीत होतं तसं टाइप केलं, आणि करता करताच त्या थबकल्या.

"अण्णा, गुरुपादअप्पा तर मागल्या बेस्तरवारी तुमच्या दुकानात बसलेते. मला म्हनले, हमीदा, खोबरं घेऊन जा, ताजं हाय."

विश्वेश्वरांनी कपाळावर हात मारला. "अरारारा! आपा, मह्या हातानं भावाला मारलं की! काढा, काढा ते!"

त्यांचं बोलणं संपायच्या आत आपांची बोटं चालली होती. सेव्ह, 'लिं.' गुरुपादांवरून उचललं, वरच्या ओळीत महालिंगांना लावलं, सेव्ह. टाळी वाजवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम संपलं. विश्वेश्वरांनी पडद्याला नाक लावून सगळा मजकूर वाचला, दोनदा वाचला, आणि चारशे पत्रिका सांगून गेले.

पत्रिका छापून आल्या. रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका कपिलधारला देवापुढे ठेवली गेली. दुसरी घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात, म्हणजे गुरुपादअप्पांच्या. अप्पा गल्ल्यावर बसून भिंगानं एकेक ओळ वाचत गेले. शिवानीचं नाव वाचून गहिवरले, महालिंगदादाचं नाव वाचून त्यांनी हात जोडले, आणि पुढच्या ओळीवर भिंग थांबलं.

"ए विश्या!"

"काय दादा?"

"मी कधी गेलतो रे?"

"कुठं?"

"वर!"

पत्रिकेत गुरुपादअप्पा लिंगैक्य होते आणि महालिंगअप्पा हयात. त्यावर कळस म्हणजे खालच्याच ओळीत 'सौ. गंगासागर गुरुपाद शेटे' अशी त्यांच्या पत्नीची मानानं निमंत्रण देणारी ओळ. गंगासागरकाकू आतून पदर खोचत बाहेर आल्या, त्यांनी पत्रिका वाचली आणि छापणाऱ्याच्या नावानं जे काही म्हटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

तासाभरात विश्वेश्वर छापखान्यात हजर.

आपांनी संगणकावर फाइल उघडली. बरोबर होती. 'लिं.' महालिंगांच्याच नावावर. विश्वेश्वरांनीही पाहिलं आणि मान डोलावली, मी वाचलं ते हेच. मग फैजान बोळातून मशीनच्या खोलीत गेला आणि अभिमन्यूच्या संगणकातली फाइल त्यानं उघडली. चुकीची. मशीननं आपल्या पदरचं काही घातलं नव्हतं. जे मिळालं ते छापलं होतं.

फैजाननं दोन्हीकडचे तपशील कागदावर उतरवून आणले. दोन्ही फाइलींवर एकच तारीख, एकच वेळ. चार वाजून बारा मिनिटं छत्तीस सेकंद. वजनही, म्हणजे फाइलीचा आकारही, एकच.

"असं कसं होईल?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "डबा वेळ बघतो. वेळ नवी दिसली, न्हाईतर वजन बदललेलं दिसलं, तर फाइल उचलून तिकडं देतो. इथं वेळ एक, वजन एक, म्हंजे फाइल एकच पाहिजे. आन् आत मजकूर येगळा. एखाद्याची दुरुस्ती नुसती पडद्यावरच ऱ्हायची, आन् मागाहून संगणकाचं घड्याळ मागं फिरवून ती सेव्ह करायची, तरच असं..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. पण दुकानात ते पुरं ऐकू आलं.

त्या दिवशी गिऱ्हाइकांनी पहिल्यांदा पाहिलं, की ती पाठ वळते. हमीदाआपा खुर्चीसकट वळल्या.

"फैजान, बेटा, चुकीचं टाइप केलं म्हन. वय झालं, डोळे गेले, म्हन. तसं झालं असंल तर मी माफी मागते, पालीला जाऊन अप्पांचे पाय धरते. पर मी चूक केली आन् मागून चोरून पुसली, घड्याळ फिरवलं, असं म्हनू नको."

"खाला, मी तसं न्हाई म्हनलं..."

"म्हनलास. मी उलटी अक्षरं वाचत मोठी झाले रे. अर्धं वाक्य मला लई लवकर वाचता येतं." त्यांनी चष्मा पुसला. "उद्या जुम्मा. दुपारी दुकान बंद ऱ्हाईल. मला एकटीला बसू दे. हे काय झालं ते सापडलं तर ठीक. न्हाई सापडलं, तर ज्या दुकानात माझ्या शब्दावर शंका हाय तिथं मी शनिवारपासून येत न्हाई."

विश्वेश्वर आले होते भांडायला, पण आता त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "आपा, एवढं काय... दुसऱ्या छापू की," असं काहीतरी पुटपुटत ते सोमवारपर्यंतची मुदत देऊन गेले.

शुक्रवारी दुपारी फैजान नमाजला गेला. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत पंखा, पडदा आणि आपा. संगणकाची विद्या त्यांना अशी काही येत नव्हती. त्यांना येत होतं ते एकच, वाचणं. अडतीस वर्षं त्यांनी जे जे समोर आलं ते वाचलं होतं, म्हणून त्यांनी डबा वाचायला घेतला. एकेक फाइल धरायची, तिचा तपशील उघडायचा, वेळ वाचायची आणि रद्दी पत्रिकेच्या पाठीवर तिचे सेकंद लिहायचे. आठ. बावन्न. चौदा. चाळीस. छत्तीस. बावीस. शून्य. अठ्ठावीस.

पंचवीस-तीस फाइली झाल्या तेव्हा त्यांना नुसतं चुकचुकल्यासारखं वाटलं. आजवर त्यांनी हजारो मुहूर्त टाइप केले होते. बारा एकवीस, अकरा सत्तेचाळीस, सहा एकोणसाठ. वेळ कशी वेडीवाकडी असते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आणि इथे सगळं इतकं सरळ? त्यांनी आणखी तीस फाइली उघडल्या. साठातली एकही फाइल विषम सेकंदाला जन्मलेली नव्हती. तीन नाही, सात नाही, एकवीस नाही, सत्तेचाळीस नाही.

मग त्यांनी स्वतःच्या संगणकाच्या पोटात एक फाइल सेव्ह केली. एकोणीस सेकंद. दुसरी केली. तेहेतीस. त्याच फाइली पुन्हा डब्यात सेव्ह करून पाहिल्या. सम. परत केल्या. सम.

पंखा फिरत होता. आपा पडद्याकडे बघत होत्या, आणि नट विसरलेलं वाक्य विंगेतून ऐकून खुलावा तसा त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

शनिवारी सकाळी त्यांनीच निरोप धाडून सगळ्यांना बोलावलं. विश्वेश्वर आले, आणि त्यांच्या मागून, हातात काठी, डोक्यावर टोपी, खुद्द गुरुपादअप्पा. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस रिक्षातून उतरला तो हसतच.

"हमीदा! म्हनलं, मेलेल्या मान्साला बोलावलंय, तर बघून तरी यावं."

"या अप्पा, बसा. तुमच्यापुढंच काय ते होऊ द्या."

फैजान खाली मान घालून उभा होता. आपांनी त्याला सांगितलं, "अभिमन्यूला फोन लाव, आवाज मोठा कर. त्याला म्हनावं, तुझ्या पडद्यावर काय दिसतं तेवढं सांगत ऱ्हा."

त्यांनी नवी फाइल उघडली. तीत एकच आकडा लिहिला, एक. सेव्ह. एकाचा दोन केला. सेव्ह. ठक-ठक. बघणाऱ्यांना दोन सेव्ह वेगळे ऐकूही आले नाहीत.

"अभिमन्यू, काय दिसतं?"

"एक."

फैजाननं वाकून पाहिलं. आपांच्या पडद्यावर दोन होता.

"थोडं थांबून सांग," तो फोनवर म्हणाला. मिनिटभर सगळे थांबले.

"अजून एकच हाय मालक. उद्यापर्यंत थांबू का?"

आपांनी पुन्हा केलं. तिनाचा चार. "तीन," अभिमन्यू म्हणाला. पुन्हा. पाचाचा सहा. या खेपेला तिकडून बरोबर सहा आला. दहा वेळा केलं तेव्हा सहा वेळा तिकडे जुनाच आकडा राहिला. फैजान डोळे विस्फारून तपशील बघत होता. दरवेळी जिथे गडबड झाली तिथे दोन्हीकडे वेळ एक, वजन एक.

"आता तू कर," आपा उठल्या.

फैजाननं केलं. एकाचा दोन. "दोन," अभिमन्यू म्हणाला. तिनाचा चार. "चार." फैजान ईर्षेला पेटला, कळफलकावर तुटून पडला. "सहा. आठ. मालक, तुमचं समदं बरोबर येतंय."

"माझ्याकडून चूक होतच न्हाई खाला!"

"कशी होईल?" आपा म्हणाल्या. "तुझ्या डब्यातली ती जुनी डिस्क वेळ लिहिते, पर दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी लिहिते. मधल्या पायऱ्या तिला न्हाईतच. मी पहिल्यांदा सेव्ह केलं ते छत्तीसला. अभिमन्यूकडं गेलं, गुरुपादअप्पांवर 'लिं.' तसंच ठेवून. मी ते उचलून महालिंगअप्पांना दिलं आन् परत सेव्ह केलं. डिस्कच्या हिशेबानं अजून छत्तीसच चाललं होतं. एक 'लिं.' तेवढं इकडचं तिकडं गेलं, वजन वाढलं न्हाई का घटलं न्हाई. डबा म्हनला, ही तर मघाचीच फाइल. न्हाई उचलली."

 गुरुपादअप्पा काठीवर हनुवटी टेकवून विचार करत होते.

"म्हंजे हमीदा," ते म्हणाले, "तुझा हात चालतो आन् ते यंतर मागं ऱ्हातं, म्हनून मी मेलो?"

"तसंच म्हना अप्पा."

"मंग हरकत न्हाई. कुनाच्या आळसानं मेलो असतो तर वाईट वाटलं असतं."

विश्वेश्वर पोट धरून हसायला लागले. फैजान हसला नाही. तो आपांच्या खुर्चीजवळ आला. हा मुलगा लहानपणी याच दुकानात कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपायचा, तेव्हा आपा त्याच्यावर ओढणी टाकायच्या. 

"खाला, मी घड्याळाचं बोललो ना, ते..."

"बोललास."

"मला माफ करा. मला संगणकाचं खरं वाटलं. तुमाला इचारायचं सुचलंच न्हाई. अब्बा असते तर त्यांनी आधी डबा फेकला असता, मंग इचारलं असतं."

"तुझे अब्बा डबा फेकत नव्हते, चहा सांगत होते," आपा म्हणाल्या. आवाज कोरडा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो काही साधला नाही. "दुखलं मला, फैजान. हे तुला माहीत असू दे. पुढं काही झालं तर माझ्याकडं तोंड करून अख्खं वाक्य बोल. अर्धं सोडू नको."

"अख्खं बोलीन."

"आन् ती डिस्क बदल. कागदावरचं प्रूफ परत सुरू कर."

"आजच करतो. तोवर तुमी जरा हळू..."

"हळू?" गुरुपादअप्पांनी काठी आपटली. "ए पोरा, पळणाऱ्या बैलाला गाडीच्या चाकासाठी हळू चालवतो का? चाक नीट कर."

डिस्क बदलायला वेळ लागणार होता आणि अप्पांना पत्रिका घेऊनच घरी जायचं होतं. आपा खुर्चीवर बसल्या. विश्वेश्वरांनी आपल्या स्टुलावर अप्पांना बसवलं. अप्पांनी भिंग काढलं आणि पडद्याला लावलं. आपांनी मूळची फाइल उघडली, सगळा मजकूर मोठ्यानं वाचला, अप्पांनी दर नावाला हुंकार भरला. कागदावर प्रूफ निघालं, त्याच्या खाली अप्पांनी स्वतःच्या हातानं सही केली. मेलेल्या माणसाची सही म्हणून विश्वेश्वर परत हसले, आणि या खेपेला फैजानही हसला.

मग आपांनी सेव्ह केलं आणि दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

थांबणं त्यांना कधी जमलं नव्हतं. बोटं आपोआप वळवळत होती, ती त्यांनी ओढणीच्या टोकात गुंतवली. अप्पांनी श्वास रोखला. फैजान भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होता. बाहेर चपलांच्या दुकानात कुणीतरी घासाघीस करत होतं, आणि आत चार माणसं मिळून दोन सेकंद जाऊ देत होती.

"आलं का रे?" आपांनी फोनकडे तोंड करून विचारलं.

"आलं," अभिमन्यूचा आवाज आला. "वाचू का?"

"वाच."

"लिंगैक्य महालिंगअप्पा शेटे. त्याच्याखाली, गुरुपादअप्पा शेटे..."

"हाय!" अप्पा खणखणीत ओरडले. "हाय, इथंच हाय!"

"कोन बोललं ते?" अभिमन्यू दचकला.

"ज्याला तू मारलंतं ते," विश्वेश्वर म्हणाले. "छाप आता. चारशे."

बोळापलीकडून मशीन सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. फैजान पत्रिका मोजून घ्यायला स्वतः तिकडे गेला. आपांनी चष्मा पुसला, खुर्ची पडद्याकडे फिरवली, आणि शटरपाशी मघापासून चिठ्ठी घेऊन ताटकळलेल्या बाईला, पाठ न वळवता, विचारलं, "बोला ताई, वडवणीच्या ना तुमी? कुणाचं लगीन?"